रिपोर्टवरच्या त्या आकड्याचं काय करायचं?

प्रश्न : माझ्या यजमानांचं वय ५८. किडनीचा आजार सहा वर्षांपासून आहे. आता चौथा टप्पा, ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज) २२, डायलिसिस अजून सुरू नाही. गेल्या वर्षभरात दोनदा न्यूमोनियाने अ‍ॅडमिट व्हावं लागलं. पायावरची साधी जखम भरायला दोन महिने लागले. मुलाने कुठेतरी वाचून 'एफजीएफ-२३' नावाची तपासणी करून घेतली. आधी २१० आली, तीन महिन्यांनी दुसऱ्या लॅबमध्ये ६४०. म्हणजे तिप्पट! फॉस्फरस ५.६ आहे. मुलगा म्हणतो, हे प्रथिन पांढऱ्या पेशींना लुळं करतं आणि ते अडवणारं इंजेक्शन निघालं आहे. आमच्या डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, "त्या आकड्याकडे बघू नका." मग बघायचं तरी कशाकडे? नात्यातल्या एकांनी इम्युनिटी वाढवणारी पावडर आणून दिली आहे, शिवाय व्हिटॅमिन डीचे मोठे डोस द्या म्हणतात. द्यावेत का? औषधांत माझ्याकडून हयगय नाही. प्रेशरच्या गोळ्या सकाळी, फॉस्फरसची रात्री झोपताना, सगळं आठवणीने देते. दोन्ही रिपोर्टचे फोटो सोबत जोडले आहेत.

उत्तर :

ताई,

फोटो मोठे करून पाहिले. आधी त्या 'तिप्पट'चा घोर सोडा. पहिल्या रिपोर्टवर २१० च्या पुढे बारीक अक्षरांत 'पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर' लिहिलं आहे, दुसऱ्यावर ६४० च्या पुढे 'आरयू प्रति मिलिलिटर'. फरक नुसत्या एककाचा नाही, मोजलेली वस्तूच वेगळी आहे. एका पद्धतीत या प्रथिनाचा फक्त अखंड रेणू मोजतात. दुसरीत त्याचं शेपूट पकडतात, त्यामुळे अखंड रेणूही मोजला जातो आणि तुटलेले तुकडेही. एकाने आख्खे नारळ मोजले, दुसऱ्याने नारळ आणि करवंट्या मिळून मोजल्या, आणि आपण विचारतोय की नारळ तीन महिन्यांत तिप्पट कसे झाले! या दोन कागदांवरून वाढ झाली की घट, हे कोणालाच सांगता येणार नाही. पातळी नेहमीपेक्षा वर आहे, एवढं दोन्हीकडे दिसतं, आणि ईजीएफआर २२ असताना ती वर नसती तरच नवल होतं.

तुमच्या डॉक्टरांनी 'बघू नका' म्हटलं ते बरोबर. का बघू नका, हे सांगायला त्यांना वेळ मिळाला नसावा, ते मी सांगतो.

हे प्रथिन हाडं तयार करतात. हाडाच्या आत, कठीण थरात चिणून बसलेल्या ज्या पेशी असतात, त्या त्याचा मुख्य कारखाना. एफजीएफ या घराण्यात माणसाच्या शरीरात २२ प्रथिनं आहेत आणि त्यांतली बहुतेक शेजारधर्म पाळणारी. जिथे तयार होतात तिथल्याच पेशींना चिकटतात, आसपासच्यांना वाढीचा निरोप देतात आणि संपतात. तिघं मात्र वेगळी निघाली. त्यांना पेशींभोवतीच्या चिकट जाळ्यात अडकणं जमत नाही, म्हणून ती रक्तात उतरतात आणि लांबच्या अवयवापर्यंत जातात. एफजीएफ-२३ हे त्यांतलं एक. म्हणजे घराणं वाढीच्या प्रथिनांचं आणि वागणूक संप्रेरकाची. त्याची ओळख पटली २००० साली, आनुवंशिक मुडदुसाच्या एका प्रकारामागचा जनुक शोधताना. त्या रुग्णांमध्ये हे प्रथिन नीट तुटत नव्हतं, त्यामुळे फॉस्फरस लघवीवाटे वाहून जात होता आणि हाडं मऊ पडत होती.

त्याचं नेहमीचं काम यावरून कळतं. अन्नातून फॉस्फरस आला की हाड किडनीला निरोप धाडतं : जास्तीचा फॉस्फरस बाहेर टाक, आणि व्हिटॅमिन डीचं सक्रिय रूप कमी बनव, म्हणजे आतड्यातून आणखी फॉस्फरस ओढला जाणार नाही. हा निरोप ऐकायला किडनीला एक जोडीदार लागतो, क्लोथो नावाचं दुसरं प्रथिन. जपानी संशोधक माकोटो कुरो-ओ यांच्या गटाने ते १९९७ साली शोधलं आणि आयुष्याचा धागा कातणाऱ्या ग्रीक देवीचं नाव त्याला दिलं, कारण ते नसलेले उंदीर अकाली म्हातारे होत होते. (नावं ठेवण्यात शास्त्रज्ञ एरवी फार रुक्ष असतात, इथे मात्र हात सैल सोडलेला दिसतो.)

किडनी खराब होऊ लागली की दोन गोष्टी होतात. फॉस्फरस बाहेर टाकणारी यंत्रणा कमी उरते, आणि क्लोथोही घटतं, म्हणजे किडनीला कमी ऐकू येऊ लागतं. ऐकू न येणाऱ्याशी आपण काय करतो? आवाज चढवतो. हाडही तेच करतं. रक्तातला फॉस्फरस वाढलेला दिसण्याच्या कितीतरी आधी एफजीएफ-२३ वाढायला लागलेलं असतं, त्याच्या जोरावर फॉस्फरस बरीच वर्षं आटोक्यात राहतो. डायलिसिसपर्यंत पोचलेल्या काही रुग्णांत ते नेहमीच्या शेकडो पटींनी वाढलेलं आढळतं.

पण घरात एकासाठी चढवलेला आवाज बाकीच्यांच्याही कानावर पडतो. तुमच्या मुलाने वाचलं ते इथलं आहे, आणि ते खोटं नाही.

न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जंतूंवर तुटून पडणारी पहिली फळी. फुफ्फुसात जंतू शिरले तरी त्या असतात रक्तात, वाहत्या प्रवाहात. तिथून बाहेर पडायचं तर रक्तवाहिनीच्या भिंतीला धरावं लागतं. सुरुवातीला पेशी भिंतीवरून नुसती घरंगळते, जरा टेकते, सुटते, पुन्हा टेकते. जवळ संसर्ग आहे असा इशारा मिळाला की तिच्या पृष्ठभागावर दुमडून बसलेले बीटा-२ इंटिग्रिन नावाचे हूक ताठ उघडतात, भिंतीत रुततात आणि पेशी जागच्या जागी थांबते. मग दोन पेशींच्या फटीतून अंग चोरून ती पलीकडे उतरते. हे थांबणं जमलं नाही तर रक्तात पेशी भरपूर असूनही जंतूंपर्यंत कोणी पोचत नाही. जर्मनीतल्या म्युन्स्टरच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं ते नेमकं या पायरीबद्दल. एफजीएफ-२३ न्यूट्रोफिलवरच्या एफजीएफआर-२ या रिसेप्टरला, म्हणजे निरोप पकडणाऱ्या प्रथिनाला चिकटतं, त्यासाठी त्याला क्लोथोची गरज पडत नाही, आणि आतली साखळी अशी फिरते की ते हूक नीट उघडतच नाहीत. किडनी निकामी केलेल्या उंदरांत हे प्रथिन अडवल्यावर न्यूट्रोफिल पुन्हा जागेवर पोचू लागल्या आणि उंदीर न्यूमोनियाशी जास्त चांगले लढले.

म्हणून सीबीसीमध्ये पांढऱ्या पेशींचा आकडा उत्तम असतो आणि तरी माणूस वारंवार आजारी पडतो. पोलीस हजर आहेत, पण गाडीतून उतरता येत नाही, अशी गत. हे मी अशासाठी सांगतो की 'पांढऱ्या पेशी तर नॉर्मल आहेत' म्हणून पुष्कळ घरांत लोक निर्धास्त राहतात.

दुसरा परिणाम मोनोसाइट या पेशींवर. या पेशी स्वतःच्या पोटात साध्या व्हिटॅमिन डीचं सक्रिय रूप करून घेतात आणि त्याच्या जोरावर कॅथेलिसिडिन नावाचं जंतुनाशक तयार करतात. क्षयाच्या जंतूंविरुद्ध ही युक्ती कशी चालते, हे २००६ साली समोर आलं. एफजीएफ-२३ किडनीत ज्या विकराला (एन्झाइमला) दाबतं, तोच विकर मोनोसाइटमध्येही हे काम करतो, आणि तिथेही तो दबतो, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. म्हणजे शस्त्र बनवण्याचा कारखानाही मंदावतो.

तिसरी गोष्ट यकृताची. वाढलेल्या एफजीएफ-२३ मुळे यकृताच्या पेशी सीआरपीसारखी दाह दाखवणारी प्रथिनं जास्त करू लागतात, हेही प्रयोगांत दिसलं आहे. उलट बाजूने दाह आणि लोहाची कमतरता या दोन्ही गोष्टी हाडाला एफजीएफ-२३ अधिक बनवायला लावतात. एकीकडे जंतूंशी लढायची ताकद कमी, दुसरीकडे अंगात विनाकारण धुमसणारी आग, असा विचित्र मेळ किडनीच्या रुग्णांत दिसतो. शिवाय २०११ साली हे प्रथिन हृदयाच्या डाव्या कप्प्याचे स्नायू जाड करतं हेही पुढे आलं, पण तो विषय इथे वाढवत नाही.

एवढं वाचून तुमचा मुलगा म्हणेल, 'मग अडवा ना त्याला!' असं वाटणं साहजिक आहे. त्याने वाचलेलं इंजेक्शन बहुधा ब्युरोसुमॅब असावं. २०१८ साली त्याला मान्यता मिळाली, पण ती एका आनुवंशिक आजारासाठी, जिथे किडनी धडधाकट असते आणि एफजीएफ-२३ विनाकारण जास्त असतं, त्यामुळे फॉस्फरस वाहून जातो. तुमच्याकडे चित्र नेमकं उलटं आहे. यजमानांचा फॉस्फरस आधीच ५.६ आहे (साधारण मर्यादा २.५ ते ४.५), आणि जो काही बाहेर पडतोय तो बऱ्याच अंशी याच प्रथिनाच्या रेट्यामुळे. ते अडवलं तर फॉस्फरस कुठे जाणार? २०१२ साली किडनीचा जुनाट आजार असलेल्या उंदरांवर हा प्रयोग झाला. हे प्रथिन अडवल्यावर काही आकडे सुधारले, पण फॉस्फरस चढला, रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचलं आणि जास्त उंदीर मेले. वर म्युन्स्टरच्या उंदरांची गोष्ट सांगितली, ही दुसरी. मुलाला दोन्ही एकत्र वाचायला सांगा. किडनी खूप बिघडलेल्या रुग्णांना ब्युरोसुमॅब देऊ नये, असं त्या औषधाच्या माहितीपत्रातच लिहिलेलं आहे.

तेव्हा त्या आकड्याकडे बघायचं नाही. हाड ओरडतंय, त्याचं तोंड दाबायचं नाही. ते ज्यासाठी ओरडतंय ते ओझं उतरवायचं.

आता तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य. एफजीएफ-२३ चं नाही, इंजेक्शनचंही नाही. 'फॉस्फरसची गोळी रात्री झोपताना.'

पाकिटावर नाव काय आहे ते बघा. सेव्हेलॅमर, कॅल्शियम अ‍ॅसिटेट, लँथॅनम यांपैकी काही असेल, तर त्या गोळीचं काम रक्तात नाहीच, आतड्यात आहे. जेवणातल्या फॉस्फरसला ती तिथेच धरून ठेवते आणि शौचावाटे बाहेर काढते. पोटात अन्न असेल तेव्हाच तिला धरायला काही मिळणार. जेवून दोन तास झाल्यावर, झोपताना घेतलेली गोळी म्हणजे लग्न लागून गेल्यावर पोचलेला भटजी. ती पहिल्या घासासोबत किंवा जेवता जेवता घ्यायची असते, आणि दिवसातल्या मोठ्या जेवणांत वाटून. हयगय तुमची नाही. गोळीच्या चिठ्ठीवर 'रात्री १' एवढंच लिहिलेलं असलं की घरोघरी हेच होतं, मी हे कितीतरी वेळा पाहिलं आहे. फॉस्फरस ५.६ का राहतोय याचं उत्तर कदाचित एवढंच असेल.

दुसरा चोर पाकीटबंद पदार्थांत असतो. धान्यांत आणि डाळींत नैसर्गिकरीत्या असलेला फॉस्फरस फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला असल्याने निम्म्याच्या आसपासच शोषला जातो. टिकाऊपणासाठी किंवा चवीसाठी घातलेली फॉस्फेटं जवळपास सगळीच्या सगळी रक्तात जातात. पाकिटावरच्या घटकांच्या यादीत ज्या शब्दात 'फॉस' हा तुकडा दिसेल, ते पाकीट परत फळीवर ठेवायचं. फॉस्फोरिक आम्ल असलेली गडद रंगाची शीतपेयंही त्यातच आली. मात्र फॉस्फरसच्या भीतीने प्रथिनांचं जेवण तुमच्या मनाने तोडू नका. अंगावर मांस उरलं नाही की संसर्ग आणखी सोपा होतो. किती प्रथिनं द्यायची ते आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्या.

लोहाची तपासणी झाली आहे का, ते पत्रात नाही. फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन हे दोन आकडे विचारा. कमतरता असेल तर ती भरून काढण्याचा फायदा दोन्हीकडून आहे, रक्तही सुधारतं आणि हाडावरचा एक ताणही कमी होतो. पण लोहाच्या गोळ्या स्वतः आणून सुरू करू नका, नेमका संसर्ग चालू असताना तर नाहीच.

व्हिटॅमिन डीचे मोठे डोस देऊ नका. 'डी कमी पडतंय, मग भरपूर द्या' हा हिशेब इथे चालत नाही. सक्रिय डी वाढलं की आतडं फॉस्फरस आणि कॅल्शियम जास्त ओढतं, आणि हाड एफजीएफ-२३ आणखी बनवतं. आग विझवायला गेलो आणि तेलच ओतलं असं व्हायचं. रक्ततपासणीत खरोखर कमी आलं असेल तर डॉक्टर बेताने देतील, कॅल्शियम, फॉस्फरस आणि पीटीएच (कॅल्शियम-फॉस्फरस सांभाळणारं, गळ्यातल्या ग्रंथींचं संप्रेरक) बघत बघत.

पावडरचा डबा बंदच ठेवा. त्यात नेमकं काय आहे हे डब्यावर पूर्ण लिहिलेलं नसतं, आणि ईजीएफआर २२ असलेल्या किडनीला चुकून आलेलं पोटॅशियम किंवा एखादी विषारी मुळी झेपणार नाही. देणाऱ्याचं मन दुखेल म्हणून चमचाभर द्यावी, असंही करू नका. डॉक्टरांवर ढकला, आम्हाला त्याची सवय असते.

राहिला न्यूमोनियाचा प्रश्न. दोनदा झाला त्यामागे एफजीएफ-२३ चा हात किती, हे एका रुग्णात वेगळं काढता येत नाही. रक्तात साठलेले इतर टाकाऊ पदार्थ, खालावलेलं पोषण, ही सगळी मंडळीही त्यात असतात. पण बचाव सगळ्यांवर एकच आहे, लस. न्यूमोकॉकलची झाली आहे का? फ्लूची दरवर्षी घेतात का? हिपॅटायटिस बीची लस डायलिसिस लागायच्या आधी घेतलेली बरी, कारण किडनी जितकी शाबूत तितका लसीला प्रतिसाद चांगला येतो. शरीराला शत्रूचा चेहरा आधीच दाखवून ठेवण्याचा याहून खात्रीचा मार्ग मला माहीत नाही. ज्या घरात इंजेक्शनच्या शोधात इंटरनेट पालथं घातलं जातं, त्याच घरात लसीचं कार्ड सापडत नाही, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. तुमच्याकडे ते असेल तर मी शब्द मागे घेतो.

पायाच्या जखमेबद्दल एक विचारायचं राहिलं : मधुमेह आहे का? असेल तर पायाच्या नसांची आणि रक्तपुरवठ्याची तपासणी वेगळी करून घ्या, दोन महिन्यांचं सगळं खापर पांढऱ्या पेशींवर फोडू नका. दात आणि हिरड्याही एकदा दाखवा. तिथला जुना संसर्ग दुखत नाही, पण दाह चालू ठेवतो.

किडनीच्या रुग्णाला संसर्ग होऊनही ताप फारसा चढत नाही, असं होतं. थंडी वाजणं, धाप लागणं, अचानक गळून जाणं, बोलण्यात गोंधळ, यांतलं काही दिसलं तर थर्मामीटर ९९ दाखवतोय म्हणून सकाळची वाट पाहू नका. अंगदुखीला घरातली कुठलीही दाहशामक गोळी, म्हणजे आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक, देऊ नका. आणि दुसऱ्या कोणा डॉक्टरकडे जायची वेळ आली तर दारातच सांगा, 'ईजीएफआर २२ आहे.' अँटिबायोटिकचा डोस त्यावर ठरतो.

एफजीएफ-२३ ची तपासणी पुन्हा करू नका. किडनीच्या आजारात ती नेहमीच्या तपासण्यांमध्ये धरलेली नाही, आणि तिचा आकडा पाहून तुमच्या डॉक्टरांचा एकही निर्णय बदलणार नाही. फॉस्फरस, कॅल्शियम, पीटीएच, हिमोग्लोबिन आणि लोह हे आकडे एकाच लॅबमधून, एका वहीत तारखेने लिहीत चला. मुलाला हौस आहे, त्याच्याकडे हे काम द्या.

बाकी सगळं पुढच्या भेटीत विचारलंत तरी चालेल. त्या गोळीसाठी मात्र थांबू नका. पाकिटावरचं नाव वाचून आजच डॉक्टरांना फोन करा, आणि ते 'जेवणासोबत' म्हणाले तर रात्रीच्या जेवणापासूनच सुरू करा. पुढचा फॉस्फरस किती आला ते मला कळवा.